घोडा स्वतः शिकवायचा असेल तर

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या बऱ्याच मराठी घरांची राऊ, सिमरोल, मानपूर या पट्ट्यात थोडीफार शेती आहे, कुणाचं नुसतंच फार्महाऊस आहे. अशा घरांतून हल्ली एक विषय हमखास निघतो : एखादा घोडा घेऊ या का? 26 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीतलं 1982 नंतरचं आपलं ते पहिलं सुवर्ण, आणि त्या चौघांत इंदूरची सुदीप्ती हजेला होती. घरातल्या मुलामुलींनी ते पाहिलेलं असतं, कुणी क्लबात महिनाभर रिकिबीत पाय घालून आलेलं असतं, आणि मोबाइलवर घोडा शिकवण्याचे व्हिडिओ तर रोजच दिसतात. मग पुढचा प्रश्न येतो : घोडा आणला तर तो आपणच शिकवायचा का?

माझं उत्तर असं आहे. घोड्याचं अर्धं शिक्षण मालकानेच करायला हवं, ते दुसऱ्यावर सोपवूच नये. उरलेलं अर्धं, म्हणजे पाठीवर पहिला माणूस बसण्याचं, जाणत्या हाताखालीच व्हावं. यातलं कोणतं अर्धं आपलं आणि कोणतं दुसऱ्याचं, हे ओळखण्यात लोकांची गफलत होते. मालक पाठीवर बसायची घाई करतात आणि जमिनीवरचं शिक्षण सईसावर टाकतात, म्हणजे नेमकं उलटं करतात.

हे मत माझं एकट्याचं नाही. सुमारे 2400 वर्षांपूर्वी झेनोफोन या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की वछेरा शिकवण्याचं काम त्यातल्या माहीतगारालाच द्यावं, आणि मुलाला एखादी कला शिकायला ठेवताना करतात तसं काय-काय शिकवायचं ते लिहून घ्यावं. पण माहीतगाराकडे जाण्याआधी वछेरा शांत, माणसाळलेला, माणसांची ओढ असलेला असावा, आणि ही जबाबदारी तो घरच्यांवर टाकतो. मराठ्यांच्या पागेतही कामं वाटलेली असत. घोडा फिरवून तयार करणारा चाबुकस्वार वेगळा, खरारा-दाणापाणी बघणारा मोतद्दार वेगळा, नालबंद वेगळा. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमल्याची नोंद आहे. आज एकच हौशी माणूस ही सगळी कामं रविवारच्या सकाळी उरकू बघतो.

पहिली गोष्ट मनात पक्की करावी ती ही की तुम्ही शिकवत नसता तेव्हाही घोडा शिकतच असतो. घरी आणल्यावर मुलं कौतुकाने तळहातावर गूळ ठेवून भरवतात. दोन-चार दिवसांत घोडा हात हुंगू लागतो, मग खिसे हुंगतो, मग गूळ नसला तर बाहीला दात लावतो. माणूस दचकून मागे सरकतो. त्या क्षणी घोड्याला धडा मिळाला : दात लावले की माणूस बाजूला होतो. आठवड्याभरात सगळे म्हणू लागतात, घोडा चावरा निघाला. तो तसा निघालेला नसतो. आपण सगळ्यांनी मिळून त्याला तसं शिकवलेलं असतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून खाऊ द्यायचा तो बादलीत किंवा तोबऱ्यात द्यावा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळावा. आजोबा लाड करणार, बाबा ओरडणार, सईस काठी दाखवणार, अशा घरात घोडा बावरतो.

घोडा कसा शिकतो हे समजून घेतलं तर पुढचं बरंच सोपं होतं. त्याला मुख्यतः दाब आणि दाबातून सुटका या दोन गोष्टींतून कळतं. त्याला एक पाऊल मागे सरायला शिकवायचं आहे असं धरा. मोहरकीच्या दोरीला हलका दाब द्या, खेचू नका, आणि थांबा. घोडा आधी मान वर करेल, मग डावीकडे बघेल, कदाचित पुढेच येईल. दाब तेवढाच ठेवा. मग तो अंगाचा भार मागच्या पायांवर नेईल, अजून पाऊल उचललेलं नसेल, फक्त छाती किंचित मागे गेलेली असेल. त्याच क्षणी दोरी सैल सोडायची. अर्धा सेकंद उशीर झाला तरी तो भलतंच शिकतो. दोरी सैल झाल्यावर बरेच घोडे मान खाली घालतात, जीभ फिरवतात, जबडा चघळल्यासारखा हलवतात. तिथे थोडं थांबावं, मानेवर खाजवावं, मगच दुसऱ्यांदा विचारावं. घोडा शिकतो तो दोरी सुटल्यामुळे, ओढल्यामुळे नव्हे. ज्याला वेळेवर सोडता येत नाही त्याने अजून तरुण घोडा हाती घेऊ नये. आधी एखाद्या शिकलेल्या, वयस्क घोड्यावर स्वतःचे हात तयार करावेत.

आणि घोडा तुमच्या मनाची चलबिचल वाचतो, हेही खरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त गणितशिक्षकाचा हान्स नावाचा घोडा टापा आपटून बेरजा-वजाबाक्या सांगायचा. 1907 मध्ये ओस्कार फुंग्स्ट यांनी त्याचा छडा लावला. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्सचं गणित चुकायचं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं, खांदे नकळत किंचित हलत, आणि ते पाहून हान्स थांबत असे. घोड्याची नजर इतकी बारीक असते. तुम्ही दिवसभराचा वैताग घेऊन तबेल्यात शिरलात तर त्याला ते तुमच्या चालण्यावरून कळतं. अशा दिवशी खरारा करावा, पाणी बघावं आणि परत यावं.

आता घोड्याच्या निवडीकडे. आपल्या दारावरून जाणारा हाच आग्रा-मुंबई रस्ता सेंधवा ओलांडून शिरपूरला उतरतो, आणि तिथून पश्चिमेला वळलं की तापीकाठचं सारंगखेडा येतं. दत्तजयंतीला तिथे भरणारा घोडेबाजार इकडच्या मराठी माणसांच्या माहितीचा आहे. मारवाडी, काठेवाडी घोडे तिथे येतात. बाजारात पंचकल्याणी रंग, देवमण, अंगावरचे भोवरे, नाच आणि रेवाल चाल यांवर किंमत चढते. शिकवण्याच्या दृष्टीने यातलं काहीच कामाचं नाही. तुम्ही चारही खूर उचलून बघा. घोडा पाय देतो का, टाच रुंद आणि निरोगी आहे का, तळव्याला घाण वास येतो का. त्याला सपाट, टणक जमिनीवर दुडक्या चालीने सरळ आपल्याकडे आणि आपल्यापासून दूर पळवायला सांगा. लंगडणारा घोडा पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर उचलतो. ओठांचे कोपरे बघा, तिथे जुने वण असतील तर लगाम निर्दयपणे ओढलेला आहे. नाचायला शिकवलेले घोडे हौशी माणसाने शक्यतो टाळावेत. त्यांतल्या अनेकांचं शिक्षण पायांत साखळ्या बांधून आणि भीती घालून झालेलं असतं, आणि ती भीती नंतर पाठीवर बसणाऱ्याच्या वाट्याला येते.

नवखा माणूस आणि नवखा घोडा ही जोडी जमवू नका, हे मी कळकळीने सांगतो. शिंगरू घेऊन त्याच्यासोबत आपणही शिकू, ही कल्पना गोड आहे आणि त्यातून दोघांनाही दुखापत होते. पहिला घोडा आठ-दहा वर्षांचा, शिकलेला, शक्यतो घोडी किंवा खच्ची केलेला असावा. अंडिल घोड्याचा रुबाब मोठा असतो, पण शेजारच्या शेतात माजावर आलेली घोडी असली की त्याला आवरणं मुरलेल्या स्वारालाही जड जातं. आणि भपक्याच्या मागे लागायचं नसेल तर आपल्या भीमथडीचाही विचार करावा. भीमेच्या खोऱ्यात धनगरांचं बिऱ्हाड वाहून नेणारा हा काटक घोडा आता स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदला गेला आहे.

वय विक्रेत्याच्या तोंडून न ऐकता घोड्याच्या तोंडात बघावं. समोरचे दुधाचे दात पडून पक्क्या दातांची पहिली जोडी साधारण अडीच वर्षांनी येते, दुसरी साडेतीनला, तिसरी साडेचारला, आणि पाचव्या वर्षी दात जुळतात. हे महत्त्वाचं अशासाठी की हाडांचं वेळापत्रकही लांबलचक आहे. पुढच्या गुडघ्यावरच्या हाडाची वाढ दोन-अडीच वर्षांपर्यंत चालते, आणि ज्यावर आपण बसतो तो कणा पाच-साडेपाच वर्षांपर्यंत पक्का होत नाही. दीड-दोन वर्षांच्या वछेऱ्यावर जीन चढवून त्याला लग्नाच्या वरातींत उभं करणारे लोक आहेत. अशा घोड्यांच्या पाठी दहाव्या वर्षी संपतात. निदान तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत पाठीवर माणूस नको, आणि चौथ्या वर्षातही थोडा वेळ, हलका स्वार, सरळ वाट, एवढंच.

स्वाराच्या वजनाचा हिशेबही आधीच करावा. जीन धरून एकूण भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा, हा सर्वसाधारण मानला जाणारा दंडक आहे. साडेतीनशे किलोच्या घोड्याला तो सत्तर किलो होतो. त्यात जीन आठ-दहा किलोची. म्हणजे घरातल्या ऐंशी किलोच्या कर्त्या पुरुषाने या घोड्यावर बसण्याचा विचार सोडून द्यावा, किंवा मोठ्या बांध्याचा घोडा बघावा.

विकत घेण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्या, विशेषतः ग्लँडर्सची. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, त्यावर लस नाही, आणि तपासणीत रोग पक्का झाला तर 2009 च्या कायद्याप्रमाणे घोडा मारावा लागतो. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात. बाजारातून आणलेला घोडा पहिले तीन-चार आठवडे दुसऱ्या जनावरांपासून वेगळा ठेवावा. या बाबतीत आपण इंदूरच्या दक्षिणेकडची माणसं भाग्यवान आहोत. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1955 पासून आहे आणि राजेंद्र नगरहून ते जवळच आहे. घोडा येण्याआधीच तिथल्या किंवा घोड्यांची सवय असलेल्या दुसऱ्या डॉक्टरांशी ओळख करून ठेवा. धनुर्वाताची आणि रेबीजची लस, जंतांचं औषध, पावसाळ्यात चावणाऱ्या माश्यांमुळे होणारा सर्रा, यांबद्दल तेव्हाच विचारून घ्या. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ झाला की तास-दोन तासांत प्रकरण जिवावर बेतू शकतं. रात्री अकराला कुणाला फोन करायचा हे त्या वेळी शोधत बसायला नको.

जागेचा प्रश्न राजेंद्र नगरच्या माणसाने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. कॉलनीतल्या प्लॉटवर घोडा ठेवणं शक्य नाही आणि योग्यही नाही. साडेतीनशे किलोचा घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो, आणि स्वच्छतेत 2017 पासून सतत वरचा क्रमांक राखणाऱ्या या शहराने वस्तीतले गुरांचे बाडेसुद्धा हलवले आहेत. घोडा राहणार शेतावर, म्हणजे तुम्ही राहणार घरी आणि तो पंधरा-वीस किलोमीटरवर. मग रोज जाणार कोण? आठवड्यातून एकदा जाऊन घोडा शिकत नाही. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा फोनवरून सईसाला सूचना देऊन तर मुळीच नाही. सहा महिने आठवड्यातून किमान पाच दिवस तासभर मोकळा काढता येत नसेल, तर घोडा चांगल्या क्लबात ठेवा किंवा आणूच नका.

शेतावरची काळी माती हा माळव्याचा अभिमान आहे, पण घोडा शिकवायला ती वाईट. पावसाळ्यात पाय ढोपरापर्यंत रुततात आणि ओल्या चिखलात उभं राहून खुरांचे तळवे सडतात. उन्हाळ्यात तीच माती दगडासारखी होते आणि तिला पाय अडकतील अशा भेगा पडतात. साठेक फूट व्यासाचं एक गोल रिंगण आखा, खाली मुरूम दाबून घ्या, वर वाळू टाका, पाण्याला उतार द्या. ठाण बारा फूट बाय बारा फुटांचं तरी असावं, आणि त्याबाहेर मोकळं फिरायला कुंपण घातलेला तुकडा हवाच. चोवीस तास अगाडी-पिछाडी बांधून ठेवलेला घोडा रिंगणात आणला की उधळणारच. तो उर्मट नसतो, आखडलेला असतो. घोडा कळपातलं जनावर आहे, त्याला एकटं ठेवू नका. दुसरा घोडा परवडत नसेल तर तट्टू, गाढव, निदान शेळ्या तरी नजरेसमोर असाव्यात.

खाण्याचा थेट संबंध शिकण्याशी आहे. घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास सुका चारा लागतो, म्हणजे आपल्या साडेतीनशे किलोच्या घोड्याला सात किलो, महिन्याला दोनशे किलोंवर. आपल्याकडे गव्हाचा भुसा मुबलक, म्हणून तोच भरवण्याचा मोह होतो. नुसत्या भुशाने पोट बांधतं. चांगलं वाळलेलं गवत मुख्य असावं, लसूणघास जोडीला, आणि बुरशी आलेलं काहीही नको. चंदी कामाच्या मानाने द्यावी. काम नाही आणि हरभरा-जवाचा तोबरा भरलेला, असा घोडा शिकायला येतो तेव्हा त्याच्या अंगात न मावणारी रग असते. पाणी दिवसाला पंचवीस-तीस लिटर, चैत्र-वैशाखात त्याहून बरंच जास्त.

घोडा ऐकत नाही असं वाटलं की आधी त्याचं अंग तपासा. पहिल्या दाढेच्या पुढे काही घोड्यांना एक बारीक दात असतो, लगामाची दांडी त्यावर आपटते आणि घोडा डोकं झटकतो. लगाम चढवण्याआधी डॉक्टरांकडून तोंड बघून घ्यायचं ते यासाठी. जिनीखाली, मणक्याच्या वर, पुढून मागपर्यंत उजेड दिसला पाहिजे. फिरवून आणल्यावर जीन उतरवा आणि घामाचा ठसा बघा. सगळीकडे सारखा ओला असेल तर ठीक. मधेच कोरडे पट्टे असतील तर तिथे जीन जास्त दाबते आहे, आणि उद्या तंग आवळताना घोडा कान पाडून वळून बघेल. खूर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून छाटून घ्यावेत. वेदना सहन करणाऱ्या घोड्याला मार देऊन शिकवणं हा अन्याय आहे. काटेरी लगाम तर 1965 च्या नियमांनीच निषिद्ध केलेले आहेत, कुणी कितीही सुचवले तरी ते घरात आणू नका.

सुरुवातीला हंगाम साधावा. मार्गशीर्षात आणलेला घोडा महिनाभर नव्या जागेला रुळू द्या, मग होळीपर्यंत माळव्याची थंडी कामाला मिळते. त्यानंतर सकाळी आठच्या आत काम आटोपावं. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, आणि जमलेल्या गोष्टीवर थांबावं. या काळात मालकाने शिकवायचं ते हे : मोहरकी घालून घेणं, शेजारून सैल दोरीने चालणं, थांबणं, मागे सरणं, चारही पाय देणं, अंगभर हात फिरवू देणं, बांधल्यावर शांत उभं राहणं, गाडीत चढणं. यातलं गाडीत चढणं लोक विसरतात आणि पोटशूळ झालेल्या रात्री घोडा महूला न्यायचा असतो तेव्हा आठवतं. ट्रॅक्टर, फटफटी, फडफडणारी ताडपत्री, लग्नाचा बँड, फटाके, हे सगळं लांबून सुरू करून हळूहळू जवळ आणावं. घोडा बुजला तर त्याला तिथे ढकलत नेऊ नका, आणि पाठ फिरवून पळूही देऊ नका. जिथे तो बघतोय पण श्वास घेतोय, त्या अंतरावर उभे राहा.

स्वतःच्या जिवाची काळजी यात गृहीत धरली आहे. दोरी हाताला गुंडाळू नये, कधीच नाही. मागून जाताना आवाज देऊन, हात लावून जावं, कारण घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसलं तरी शेपटीमागचं आणि थेट कपाळापुढचं दिसत नाही. शिरस्त्राण, टाच असलेले बूट, आणि रिंगणाबाहेर एक मोठं माणूस, याशिवाय काम सुरू करू नये. तयार नसलेला घोडा हौसेपोटी हमरस्त्यावर तर काढूच नये.

एवढं झालं की चाबुकस्वाराकडे जायची वेळ आली. सुदीप्तीसारखी मुलगीही युरोपात प्रशिक्षकाच्या नजरेखाली राहून तयार झाली, तेव्हा मदत घेण्यात कमीपणा नाही. माणूस निवडताना त्याच्या पदकांपेक्षा त्याचे घोडे बघा. तो ठाणात शिरल्यावर घोडे कोपऱ्यात सरकतात की पुढे येतात? त्याच्या घोड्यांच्या तोंडाला, तंगाखाली, पायांना जखमा आहेत का? एखादा घोडा नकार देत असताना त्याला काम करताना बघा, जमलेल्या घोड्यावर सगळेच छान दिसतात. 'पंधरा दिवसांत तयार करून देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत या. किती वेळ लागेल विचारल्यावर 'आधी घोडा बघू द्या' म्हणणारा सापडला, तर काय-काय शिकवायचं ते झेनोफोनने सांगितल्याप्रमाणे कागदावर लिहून घ्या : तिन्ही चाली, दोन्ही बाजूंना वळणं, चढताना स्थिर उभं राहणं, एकट्याने शेताबाहेर जाणं. महिन्याचा खर्च, खुराक कोणाचा, दुखापत झाली तर डॉक्टर कोण बोलावणार, हेही त्यातच लिहा. न सांगता कधीही येऊन बघायची मुभा आधीच मागून घ्या. आणि शेवटचे काही आठवडे त्याच्या समोर, त्याच घोड्यावर, तुम्ही स्वतः शिका. त्याच्या हातांनी जे घोड्याला सांगितलं, तेच तुमच्या हातांना सांगता आलं तरच तो घोडा शेतावर परत आणा.